मधली चुक्की

औषधाचं खोकं उघडलं की आत एक घडी घातलेली चिठ्ठी असते. आपण ती न वाचता फेकून देतो आणि औषध कसं घ्यायचं ते शेजारणीला विचारतो. जयतीर्थ मात्र ती चिठ्ठी चोवीस वर्षं वाचत आले होते. छापायला जाण्याआधी, रोज आठ तास, इंग्रजी, हिंदी, कन्नड आणि मराठी अशा चार भाषांत, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. लेबलं आणि चिठ्ठ्या छापणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना कुणी साहेब म्हणत नसे, पण त्यांच्या सहीशिवाय मशीन चालू होत नसे. त्यांच्यानंतर औषधकंपनीचा माणूसही सही करायचा. पण जयतीर्थांनी वाचलंय म्हटल्यावर तो कशाला डोळे फोडून घेतोय! त्यांची सही पडली की पुढच्या सगळ्यांना सुट्टीच.

घर येलहंक्यात. शहाजीराजांबरोबर इकडे आलेलं घराणं आहे असं घरातले सांगत, कागद कुणी पाहिला नव्हता. पावणेचारशे वर्षांत घरच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की वेगळं काढता येऊ नये. थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आणि ठिपका म्हणजे चुक्की. जयतीर्थांची आई उंबऱ्याबाहेर चुक्क्या मोजून रांगोळी काढायची. अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार चुक्की, आकड्यांच्या मधला दशांशही चुक्कीच. कारखान्यातला छपाईप्रमुख नागराज निपाणीचा, त्याच्याही तोंडी हाच शब्द. दोघं फोनवर बोलायला लागले की, "सर, तिसऱ्या ओळीत चुक्की खाल्लीय बघा," असं चालायचं.

डोळ्यांचं म्हणाल, तर जयतीर्थांना खरा डोळा एकच होता. डावा लहानपणापासून आळशी. त्याला उजेड कळायचा, माणूस कळायचा, अक्षर कळायचं नाही. सगळा भार उजव्यावर, आणि त्यालाही उणे अकराचा नंबर. चाळिशीत एका डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "उजवा जपा. दुसरा नाही तुमच्याकडे." तेव्हापासून ते दरवर्षी न चुकता डोळे तपासून घेत. तपासणीची तारीख लक्षात ठेवायची त्यांची बायको अहल्या. ती गेली, त्याला आता तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तारीख कुणी काढली नाही, त्यांनीही नाही.

लॉकडाऊनमध्ये कारखान्याने घरून काम करायला सांगितलं, तेव्हा एक जुना मॉनिटरही टेम्पोतून पाठवून दिला. तो त्यांच्या टेबलावर बसला तो बसलाच. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, शिरस्त्याप्रमाणे त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि वर हात जोडून म्हणाले, "सांभाळून घे रे." दुसऱ्या दिवशी काम उघडलं तर पांढऱ्या पानावर दोन बारीक करड्या चुक्क्या. कुंकवाचा कण असणार म्हणून त्यांनी पंच्याच्या टोकाने काच पुसली. चुक्क्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा पुसली. मग जरा चिंता वाटून त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली.

आत त्यांची सून आसावरी होती. नाशिकची, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरी, त्या दिवशी घरूनच मीटिंगमध्ये. एका कानावर हेडफोन, दुसरा कान घराला.

"आसावरी, मला चुक्क्या दिसायला लागल्यात बघ स्क्रीनवर."

ती हसली. "दिसणारच अप्पा! त्याचाच तर पगार मिळतो तुम्हाला."

पोरीचं बरोबर आहे, जयतीर्थांना वाटलं. जन्मभर डोळे वापरून पोट भरलं, आता डोळ्यांनी स्वल्प कुरकुर केली तर त्याची तक्रार काय करायची? बोलणं त्यांना थोडं लागलंही. पण सून आली की तिचा शब्द मनाला लावून घ्यायचा नाही, असं अहल्या आधीच बजावून गेली होती. म्हणून त्यांनी तो विषय तिथेच मिटवला आणि पुन्हा काढला नाही. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळं वाईट त्या दोन वाक्यांत झालं. पुढे जे घडलं ते नुसतं पोचायचं बाकी होतं.

दिवाळीपर्यंत दोन चुक्क्यांची एक झाली आणि पानाच्या मधोमध येऊन बसली. ते जिथे बघतील तिथे ती. नव्या ओळीकडे गेले की तीही यायची. मॉनिटर जुना झाला की असंच होत असेल, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. कधी वर्तमानपत्रातही ती दिसायची, तेव्हा ते ट्यूबलाइटला दोष देत. कधी तक्त्याची सरळ रेघ मधेच पोक आल्यासारखी वाकायची, तेव्हा चष्म्याला. त्यांचं मन इतकं भोळं नव्हतं. पण उजवा डोळा हा विषय त्यांनी जिथे ठेवला होता तिथे जायची त्यांची हिंमत नव्हती.

मग त्यांनी चुक्की वजा करून वाचायची सवय लावून घेतली. मधे काही करडं दिसलं की ते मॉनिटरचं, आपलं नाही, असं धरून पुढे जायचं.

डिसेंबरात पहिली चूक निसटली. 'जेवणानंतर'चं 'जेवणानतर' झालं. कंपनीवाले हसले आणि सोडून दिलं. जानेवारीत हिंदीतल्या एका 'नहीं'वरचा अनुस्वार उडाला. या वेळी कुणी हसलं नाही. नागराजचा फोन आला.

"सर, राग मानू नका. मालक म्हणतात, वाचायचं यंत्र आणूया. मी म्हटलं, सर हायेत तोवर नको. पर तिसऱ्यांदा झालं तर मला कुणी विचारणार न्हाई."

"माझा मॉनिटर गेलाय, नागराज. नवा घेतो."

"घ्या सर. चांगला घ्या. तुमचं काम गेलं तर मला बी करमणार न्हाई."

सगळी भिस्त आता मॉनिटरवर येऊन ठेपली. एक चांगली वस्तू टेबलावर आणायची की काम वाचलं. काम गेलं तर काय राहील, हे जयतीर्थांना ठाऊक होतं. बायको गेल्यावर या घरात त्यांना सकाळी उठवणारी ती एकच गोष्ट होती. मुलगा प्रणीत कंपनीच्या कामाने वर्षभर जर्मनीत, त्याला फोनवर सांगितलं असतं तर त्याने दोन मिनिटांत महागातला मॉनिटर मागवला असता. जयतीर्थांना ते नको होतं. आपल्या कामाचं हत्यार आपल्याच पैशाने. बारा हजार, वर एक रुपया नाही.

आसावरीने मनावर घेतलं. पोरगी मनाने चांगली, आणि यादी करण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. तिने चार दिवस वाचन केलं आणि जेवताना सासऱ्यांना धडे दिले. "अप्पा, मोठ्या साइझला भुलायचं नाही. सत्तावीस इंची स्वस्त मिळतो, पण पिक्सेल तेवढेच असले की अक्षर फाटल्यासारखं दिसतं. तुम्हाला चोवीस इंची पुरे. पॅनल आयपीएस हवं, म्हणजे बाजूनेही रंग सारखा. फ्लिकर नको, डोळे दुखतात. काच मॅट. स्टँड वर-खाली होणारा. गेमिंगवाला माथी मारतील तो घ्यायचा नाही, तो स्पीड तुमच्या काही कामाचा नाही. आणि मेन म्हणजे, पैसे द्यायच्या आधी डेड पिक्सेल चेक करायचे. एखादा ठिपका नंतर निघाला तर कंपनी बदलून देत नाही. ऑनलाइन नकोच, समोर लावून बघू."

ठिपका म्हटल्यावर जयतीर्थांच्या छातीत हलकं झालं. म्हणजे मॉनिटरला ठिपके पडतात. त्याला नाव आहे, नियम आहेत. ते त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

शनिवारी सकाळी दोघं निघाले. फेब्रुवारी होता, हवाई दलाच्या तळावर विमानांच्या प्रदर्शनाची तालीम चालू होती, आणि येलहंक्याच्या खिडक्या आठवडाभर थरथरत होत्या. कॅबची वाट बघताना डोक्यावरून एक विमान गेलं. रस्त्यावरचे सगळे वर बघू लागले, जयतीर्थांनीही पाहिलं. विमान नव्हतं. नुसता आवाज होता. त्यांनी नजर जरा बाजूला केली, तर विमान होतं. सरळ पाहिलं की नाहीसं, बाजूला पाहिलं की हजर. असं त्यांनी तीनदा केलं.

"भारी ना?" आसावरी म्हणाली.

"हो," ते म्हणाले आणि कॅबमध्ये जाऊन बसले. त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. रस्ताभर ते बारा हजारांत काय काय बसतं यावर बोलत राहिले, एरवी इतकं ते आठवडाभरात बोलत नसत.

एस. पी. रोडवरच्या एका जिन्याच्या वर मानसिंगचं दुकान होतं. राजस्थानातून येऊन त्याला वीस वर्षं झालेली, गिऱ्हाइकाला बघूनच तो भाषा ठरवायचा. आसावरीने यादी वाचून दाखवली. मानसिंगने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मान डोलावली.

"मॅडम पढ के आई हैं," तो जयतीर्थांना म्हणाला. "आपका काम क्या है, सर?"

"वाचायचं. बारीक अक्षर. दिवसभर."

"तो ये लो. चोवीस इंच, आयपीएस, स्टँड ऊपर-नीचे. साडेदहा." मग त्याने शेजारच्या एका मॉनिटरवर हात ठेवला. "ये इससे शार्प है, पण सोला. आप नहीं बोलोगे, मैं जानता हूँ."

साडेदहावाला काउंटरवर आला. मानसिंगने पेनड्राइव्ह लावला आणि सगळा पडदा पांढरा केला. "देख लो सर. एक भी डॉट हो तो बोलो."

जयतीर्थ वाकले. "आहे. मधोमध."

मानसिंगने पाहिलं. आसावरीने पाहिलं, अगदी नाक लागेल इतकं जवळ जाऊन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला नाही दिसत, अप्पा."

"आहे ना. करडी. ही बघ." त्यांनी बोट ठेवलं. बोट ठेवलं तसं बोटाचं टोकच दिसेनासं झालं.

मानसिंगने हुज्जत घातली नाही. दुसरं खोकं फोडलं, दुसरा मॉनिटर लावला. पांढरा पडदा. "आता?"

"यातही आहे."

तिसरा आला, वेगळ्या कंपनीचा. यातही होती, त्याच जागी, तेवढीच. जयतीर्थांचा आवाज चढला. "तुमचा सगळा मालच खराब आहे." चोवीस वर्षांत त्यांनी कुणाला असं म्हटलं नव्हतं. आसावरी त्यांच्याकडे बघतच राहिली.

मानसिंग शांतपणे म्हणाला, "लाइन देखेंगे, सर." त्याने पडद्यावर चौकोनांची जाळी आणली, मॉनिटरची मांडणी सरळ आहे का ते तपासायची. "मधली लाइन सीधी है?"

"वाकलीय. मधे आत गेलीय."

"दुसऱ्या मॉनिटरवर?"

"तशीच."

मानसिंगने तिन्ही मॉनिटर बंद केले. ड्रॉवरमधून बिलबुकातला एक कोरा कागद फाडला आणि काउंटरवर जयतीर्थांच्या समोर ठेवला. त्याला बोलायचं जिवावर आलं होतं.

जयतीर्थांनी कागदाकडे पाहिलं. कागद कोरा होता. चुक्की त्याच्या मधोमध होती.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता.

"मेरे चाचा को हुआ था," मानसिंग हलक्या आवाजात म्हणाला. "आँख के पीछे खून. जल्दी गए होते तो बचती. सर, आज ही जाओ. मॉनिटर कहीं भागता नहीं."

आसावरीचा चेहरा उतरला होता. "अप्पा, कधीपासून? तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. दसऱ्याला. मला चुक्क्या दिसायला लागल्यात म्हणून."

"चुका," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, चुका दिसायला लागल्यात."

"चुक्क्या, आसावरी. ठिपके."

तिने तोंडावर हात ठेवला. लग्न होऊन या घरात आल्याला तिला दोन वर्षं झाली होती. स्वल्प, सरी तिला कळायचं, पण घरात रांगोळी काढणारी बाई उरली नव्हती, त्यामुळे हा एक शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. प्रूफ वाचणाऱ्या माणसाने चुका दिसतात म्हटलं, आणि ती हसली होती. चार महिने हा माणूस तेवढ्यावर गप्प बसला होता. तिला रडू आलं. ते तिने गिळलं आणि फोनवर डोळ्यांचं इस्पितळ शोधायला लागली.

जयतीर्थ अजून कागदाकडेच बघत होते. भीती वाटायची ती त्यांना वाटलीच, पण डोळ्याची भीती जरा मागे सरली आणि तिच्या आडून दुसरी पुढे आली. गुरुवारी पास केलेलं काम त्यांना आठवलं. लहान मुलांचं तापाचं सिरप. चार भाषा, ठरलेला तक्ता, दोन वर्षांखालच्या रकान्यात अडीच मिली. दोन, चुक्की, पाच. इंग्रजी प्रतीत ती नक्की होती. मराठी आणि कन्नडसाठी अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, बदललं होतं, तेव्हा बारीकसारीक खुणा गळतात, हे त्यांना पाठ होतं. म्हणूनच त्या आकड्यावर ते मुद्दाम थांबले होते, डोळ्यात तेल घालून. दोन आणि पाचच्या मधे चुक्की होती. त्यांनी ती पाहिली होती आणि सही केली होती.

पण कुणाची चुक्की?

चार महिने ते मधली चुक्की मॉनिटरची म्हणून वजा करत आले होते. ती एकदा कागदाची म्हणून जमा धरली नसेल कशावरून? आणि फक्त एकदाच कशावरून?

त्यांनी फोन काढला. हा फोन केला की काम संपलं, हे त्यांना कळत होतं. आंधळा होत चाललेला प्रूफवाचक कुठला कारखाना ठेवेल? न केला तर काहीच होणार नव्हतं. निदान त्यांना तरी नाही. नागराजला काही माहीत नव्हतं, औषधकंपनीचा माणूस सही करून मोकळा झाला होता. बारा हजारांतला मॉनिटर घेऊन घरी जाता आलं असतं आणि कदाचित वर्षभर कुणाला पत्ताही लागला नसता. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं म्हणून त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी नंबर लावला.

"नागराज, गुरुवारचं सिरप. चिठ्ठी छापली?"

"छापतोयच की सर. निम्मं झालं." मागे मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"एक कागद हातात घे. मराठीचा तक्ता. दोन वर्षांखालचा रकाना. आकडा वाच."

"काय झालं सर?"

"वाच आधी."

कागद फडफडला. नागराजने गळा साफ केला आणि आकडा वाचायला म्हणून सुरुवात केली, ती मधेच थांबली.

"सर, पंचवीस. मधी चुक्की न्हाई."

"कन्नडमध्ये?"

"तिथं बी न्हाई."

"मशीन थांबव."

फोन तसाच चालू होता. नागराज ओरडल्याचा आवाज आला, मग खडखडाट हळूहळू मंदावला आणि बंद पडला. इतक्या वर्षांत त्या फोनवर त्यांनी ही शांतता कधी ऐकली नव्हती. नागराज परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"थांबवलं सर. एक बी खोकं बाहेर गेलं न्हाई. देवानं वाचवलं बघा."

"नागराज, मला दिसत नाही. मॉनिटर चांगला होता. माझाच डोळा गेलाय."

नागराजने विचारलं, अगदी सावकाश, जणू उत्तर नको असल्यासारखं. "कवापासून, सर?"

"दसऱ्यापासून."

आसावरी जवळ येऊन उभी राहिली होती, तिलाही फोनमधलं सगळं ऐकू येत होतं.

"दसऱ्यापासून बासष्ट कामं बाहेर गेलीत, सर," नागराज म्हणाला. "दुकानात पोचलीत. घरात पोचली असतील."

जयतीर्थांनी मान हलवली, जणू तो समोरच होता. मग ते सुनेकडे वळले. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी चुक्की होती, कडेला फक्त केस आणि कानातलं.

"इस्पितळ मग बघू. आधी लिहून घे," ते म्हणाले. "मला सगळी पाठ आहेत."

आणि त्या दुकानात, बंद मॉनिटरांसमोर उभं राहून, ते दसऱ्यापासूनच्या औषधांची नावं एकेक करून सांगायला लागले. मानसिंगने मागून खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत. आसावरी फोनवर लिहून घेत होती. पहिलंच नाव तान्ह्या बाळांना द्यायच्या थेंबांचं होतं.